सराईत, अट्टल आणि 'जन्मजात' गुन्हेगार

प्रश्न असा आलाय की सराईत गुन्हेगार, अट्टल गुन्हेगार आणि जन्मजात गुन्हेगार हे एकाच अर्थाने वापरले तर चालेल का. पहिले दोन एकमेकांच्या जागी बऱ्याचदा खपून जातात, तिसरा अजिबात नाही.

सराईत म्हणजे सरावलेला, हात बसलेला. चारपाच घरफोड्या नावावर असल्या की पोलिसांच्या लेखी तो सराईत. अट्टल त्याच्याही पुढचा, काही केल्या न सुधारणारा. दोन्ही शब्द माणसाच्या करणीबद्दल बोलतात. जन्मजात मात्र थेट त्याच्या हाडामासावर बोट ठेवतो.

इटालियनमध्ये याला 'देलिंक्वेन्ते नातो' म्हणतात, आणि गंमत म्हणजे त्यातला 'नातो' आणि आपला 'जात' मुळात एकाच धातूचे. शब्द रूढ केला एन्रिको फेरी या इटालियन गुन्हेगारीशास्त्रज्ञाने, पण कल्पना चेझारे लोम्ब्रोसो या डॉक्टरची. कॅलाब्रियाच्या विलेल्ला नावाच्या कैद्याची कवटी तपासताना त्याला मागच्या भागात आतून, जिथे बहुतेकांना हाडाचा उंचवटा असतो तिथे, खळगा दिसला, आणि तेवढ्यावरून त्याने ठरवलं की असा खळगा खालच्या प्राण्यांत असतो म्हणजे गुन्हेगार हा उत्क्रांतीत मागे राहिलेला माणूस. १८७६ मध्ये पुस्तक आलं, मग मोठा जबडा, सुपासारखे कान, लांब हात अशी लक्षणंच ठरली. पुढे इंग्लंडात चार्ल्स गोरिंग या तुरुंगातल्या डॉक्टरने सुमारे तीन हजार कैद्यांची मापं घेतली, विद्यार्थी आणि सैनिकांशी ताडून पाहिली, १९१३ मध्ये निष्कर्ष छापला : गुन्हेगाराचा वेगळा असा शरीराचा साचा काही सापडत नाही.

आपल्याकडे तर लोम्ब्रोसोच्या पुस्तकाआधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला होता. तिथे कवटीसुद्धा मोजायची गरज नव्हती, जमातीत जन्मलात की नाव रजिस्टरला. कायदा गेला १९५२ मध्ये, ते लोक 'विमुक्त' झाले, पण मराठीत शिक्का राहिलाच. 'भामटा' बघा ना! विमुक्त जातींच्या सरकारी यादीत राजपूत भामटा हे जातीचं नाव आजही आहे आणि रोजच्या बातमीत 'भामट्याने वृद्धेला गंडा घातला' हेही आहे, हे वाचताना त्या जातीतल्या शाळकरी पोराला काय वाटत असेल.

म्हणून लोम्ब्रोसोच्या सिद्धांताबद्दल लिहित असाल तर 'जन्मजात गुन्हेगार' अवतरणात लिहा, बातमीत सराईत लिहा. आणि भामट्याच्या जागी मी आता चोरटा किंवा लबाड लिहितो, वाक्याचं काही अडत नाही.