होणारा नवरा म्हणतो, मे महिन्यात लग्न नको, चॅम्पियन्स लीगची (युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉल स्पर्धेची) फायनल असते. फुटबॉलचं हे वेड लग्नानंतर कमी होतं का?

नाही.

खरं तर एवढ्यावरच थांबणार होतो. पण खाली तुम्ही लिहिलंय की मुलगा लिव्हरपूल क्लबचा चाहता आहे, टीम मागे पडली की तो खोलीबाहेर जाऊन उभा राहतो, म्हणजे गोल होतात म्हणे, आणि घरचे त्याला हसतात. हे वाचल्यावर गप्प बसवेना. तो निदान स्वतःच्या पायाने बाहेर जातो. मला बाहेर काढलं जातं, आणि काढणारा माझा सख्खा मोठा भाऊ आहे. इंदूरला आमच्या घरात हा वाद 2005 पासून चालू आहे.

इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगची फायनल, आम्ही म्हणजे लिव्हरपूल, समोर इटलीचा मिलान, 25 मे. आपल्याकडे तारीख उलटून रात्रीचे सव्वाबारा. लोकमान्यनगरातलं घर, बाकी सगळे गच्चीवर झोपलेले, खाली मी, आवाज बंद केलेला टीव्ही आणि दादा. दादाला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, उकाड्याने झोप लागेना म्हणून खाली आला होता. पहिल्याच मिनिटाला माल्दिनीचा गोल. हाफटाइमच्या आत क्रेस्पोचे दोन. मिलान 3, आम्ही 0. दादा उठला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाला, "चल सराफ्यात. यात आता काय राहिलंय?"

रात्री एक वाजता सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, पाय ठेवायला जागा नसते हे इंदूरकरांना सांगायला नको. भुट्ट्याचा कीस घेतला. द्रोण असा चटकत होता की या हातातून त्या हातात खेळवत होतो, आणि तेवढ्यात खिशात मोबाइल वाजला. पुण्याच्या मित्राचा एसएमएस: 3-3. मला वाटलं डिवचतोय. मी उलट काय पाठवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. लगेच दुसरा आला: "आईशप्पथ." जेरार्ड 54व्या मिनिटाला, स्मिसर 56व्या, अलोन्सो 60व्या. अख्ख्या जगाने पाहिलेली ती सहा मिनिटं मी "भिया, नींबू थोडा और" म्हणण्यात घालवली, आणि ती कोणामुळे गेली हे आजवर घरात कोणी मान्य करत नाही.

घरी पोचलो तेव्हा एक्स्ट्रा टाइम चालू होता. दादा पुढे होता. तो आत शिरला आणि त्याने आतून कडी लावली. "तू नव्हतास तेव्हा तीन झाले. आता बाहेरच थांब." वर आई-बाबा झोपलेले, ओरडता येईना. खिडकीत कूलर. कूलर आणि चौकट यांच्यामध्ये चार बोटं फट, वाळ्याचा ओला वास, आणि त्या फटीतून टीव्हीचा डावीकडचा अर्धा भाग. मिलानच्या शेवचेन्कोचा तो फटका आमच्या गोलकीपरने, दुडेकने लागोपाठ दोनदा अडवला, तो मला दिसलाच नाही. मला दिसला कपाळावर गेलेला दादाचा हात. बरोबरी सुटली नाही, पेनल्टींवर आलं. पेनल्टी डावीकडे मारली तर बॉल दिसायचा, उजवीकडे मारली तर दादाच्या तोंडावरून ओळखायचं. शेवटची शेवचेन्कोने मधोमध मारली, म्हणजे बरोब्बर कूलरच्या कडेवर. दादा खुर्चीवरून उडाला तेव्हा कळलं की आपण युरोपचे चॅम्पियन झालो. त्याने कडी काढली आणि पहिलं वाक्य काय बोलला? "बघ, जिंकून दिलं की नाही!" ऑफसाइड म्हणजे काय ते त्याला आजही सांगता येत नाही.

तेव्हापासून घरात कायदाच झाला. लिव्हरपूल मागे पडलं की मी बाहेर. आईने तर याचा सरळ फायदा उठवला: "हरताय ना? मग येता येता सांची दुधाची दोन पाकिटं घेऊन ये."

आता माझी बाजू. 27 एप्रिल 2014, रविवार संध्याकाळ, चेल्सीशी मॅच, 1990 नंतरची पहिली इंग्लिश लीग हाताशी आलेली. दादा म्हणाला बाहेर जा, मी हललो नाही. जेरार्डचा पाय घसरला, चेल्सीचा डेम्बा बा एकटा पुढे, खेळ खलास. 0-2. जेवणाच्या ताटावर दादा एवढंच म्हणाला, "ऐकलं असतंस तर." ठीक. पुढची मॅच क्रिस्टल पॅलेसशी. कटकट नको म्हणून मी सुरुवातीपासूनच गच्चीवर, मुलगी जिन्यातून स्कोअर सांगत होती. आम्ही 3-0 ने पुढे, आणि शेवटच्या अकरा मिनिटांत 3-3! म्हणजे माझ्या बाहेर असण्याचा काही संबंध नाही हे सिद्ध झालं की नाही? तर दादा म्हणतो, "गच्ची घरातच धरतात."

2019 ला तो सुदामानगरात राहायला गेला होता. चॅम्पियन्स लीगची बार्सिलोनाशी दोन मॅचेसची सेमीफायनल, पहिलीत 3-0 मार खाल्लेला, सालाह नाही, फिर्मिनो नाही. घरच्या मॅचला हाफटाइमपर्यंत 1-0. दुसरा हाफ सुरू झाला आणि रात्री पावणेदोनच्या सुमारास दादाचा फोन: "बाहेर जा." मी म्हटलं, या जन्मात जाणार नाही. आत मुलगी झोपलेली, म्हणून हे मी बाल्कनीत जाऊन तावातावाने सांगत होतो. तेवढ्यात वाइनाल्डमचे दोन गोल. 54 आणि 56. इस्तंबूलचीच मिनिटं! शेवटी 4-0 झालं, आणि चौथा गोल करून देणारा अलेक्झांडर-आर्नल्डचा तो चोरटा कॉर्नर मी सोफ्यावर बसून पाहिला हे दादा हिशेबात धरायलाच तयार नाही.

त्याचा दुसरा टोमणा 'आम्ही' या शब्दावर. "तुझ्या क्लबला तू माहीत तरी आहेस का?" आमच्या आजोबांनी क्रिकेटवाल्या मुश्ताक अलींना खेळताना पाहिलंय, इंदूरच्या होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकलीय, मग परक्यांच्या मागे कशाला, असं त्याचं म्हणणं. मी एकदा उगाच सांगून बसलो की महायुद्धात इंदूरजवळ महूला आलेला इंग्लंडचा क्रिकेटपटू डेनिस कॉम्प्टन होळकरकडून 1944-45 ची रणजी फायनल खेळला, मुंबईविरुद्ध नाबाद 249, आणि तोच आर्सेनलचा फुटबॉलपटूही होता. दादाने पुढचं स्वतः शोधून काढलं: 1950 ची एफए कप फायनल, आर्सेनल 2, लिव्हरपूल 0, कॉम्प्टन मैदानात. दर दिवाळीला फराळाच्या वेळी ऐकवतो, "आमच्या होळकरच्या माणसाने तुम्हाला धुतलं."

तर तुमचं लग्न. मुलाचं चुकत नाही. मेअखेरीस फायनल असते, मांडवात त्याचं लक्ष राहणार नाही आणि फोटोत ते दिसेल. जूनमध्ये धरा, पण वर्ल्डकपचं वर्ष नाही ना ते बघून. सगळ्यात उत्तम म्हणजे तुळशीच्या लग्नानंतर, नोव्हेंबरच्या मध्यात. तेव्हा देशांच्या मॅचेससाठी क्लबांना सुट्टी असते, मुहूर्तही मिळतात. आणखी एक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी विलायतेत घड्याळं मागे जातात, मग आपल्याकडे रात्री साडेबाराची मॅच दीडला. झोपायची खोली टीव्हीपासून लांब घ्या.

त्याला हसू देऊ नका, आणि तुमच्याकडच्या कोणाला, विशेषतः थोरल्या भावाला, त्याला बाहेर पाठवायची सवय लागू देऊ नका. एकदा लागली की वीस वर्षं सुटत नाही.

एक राहिलं. तो मॅचवर पैसे लावत असेल तर वरचं सगळं विसरा आणि लग्न करू नका. ते वेड नव्हे. आणि घरात कोणी आजारी असताना मॅच सोडून उठत नसेल, तर तेही साखरपुड्याआधी बोलून घ्या.

दादा हे वाचणार आहे, वहिनी त्याला पाठवतीलच. तेव्हा इथेच नोंदवून ठेवतो: गच्ची ही बाहेर असते, आणि 1950 ची फायनल मी धरत नाही, कारण तेव्हा मला घरातून काढायला तू जन्मलाच नव्हतास.