राजीनाम्याच्या फॉर्मवर सही करू नका, ताई

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमचे मिस्टर एका खासगी ट्रॅव्हल्सच्या सोलापूर डेपोत साडेअकरा वर्षांहून जास्त काळ मेकॅनिक आहेत. कंपनी मोठ्या कंपनीने विकत घेतली. डेपो बंद करून काम पुण्याला नेणार अशी कुजबुज आहे. आणि परवा एचआरच्या माणसाने सगळ्यांच्या हातात छापील फॉर्म दिला: पुण्याला बदली घ्या, नाहीतर ‘स्वेच्छेने राजीनामा’ द्या, सोमवारपर्यंत. सही करावी का आणि डेपो खरंच बंद होणार का, हे तुम्ही विचारलंय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी. राजीनाम्यावर सही करू नका. सोमवारी नाही, त्यानंतरही नाही. कारण पुढे हिशोबासकट सांगतो.

मी एकतीस वर्षं गाड्यांखाली काढली. पहिली नऊ एसटीच्या आगारात, नंतरची सगळी खासगीत. त्यातला एक डेपो माझ्या डोळ्यांसमोर बंद झाला, म्हणून सांगतो, की डेपो बंद व्हायची तारीख नोटिशीवर असते ती खरी नसते. डेपो त्याच्या कितीतरी आधी रिकामा व्हायला लागतो.

आमच्या डेपोत पहिली खूण डिझेलच्या टाकीने दिली. जमिनीखाली मोठी टाकी होती. रोज सकाळी मी पितळी पट्टी आत सोडून डिप घ्यायचो, म्हणजे डिझेल किती उरलंय ते मोजायचो, आणि वहीत आकडा लिहायचो. दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी टँकर यायचा. नवीन मालक आल्यावर टँकर आठवड्याने यायला लागला. मग ड्रायव्हरांना कार्डं दिली, बाहेरच्या पंपावर भरा म्हणाले. एक दिवस पट्टी वर काढली तर खालचं फक्त बोटभर ओलं होतं. मी वहीत आकडा लिहिला आणि सही केली, त्यानंतर त्या वहीत कोणी काही लिहिलं नाही. त्याच महिन्यात पंप-इंजेक्टर तपासायचं बेंच ‘कॅलिब्रेशनला’ म्हणून ट्रकमध्ये चढवलं, ते परत आलंच नाही. स्टोअरकीपर क्लच प्लेट मागवायचा आणि वरून उत्तर यायचं, गाडी पुण्याला पाठवा, तिथे बदलू. म्हणजे जड काम आधी गेलं. मग रात्रपाळी गेली. मग माणसं. जागा सगळ्यात शेवटी.

तुमच्या मिस्टरांना आज रात्री एवढंच विचारा: गिअरबॉक्स अजून डेपोत उतरवतात का? रात्रपाळीला किती जण असतात? स्पेअर मागवलं की सोलापूरला येतं, की गाडीच तिकडे बोलावतात? या तिन्हींची उत्तरं वाईट असतील तर कुजबुज खरी आहे असं धरून चाला.

आता जागेबद्दल बोलतो, कारण सगळे पगाराकडे बघतात आणि इथे चुकतात. डेपोची जमीन कोणाच्या नावावर आहे ते आधी काढा. गावठाणात असेल तर सिटी सर्व्हेचा उतारा, बाहेर असेल तर सातबारा, एमआयडीसीत असेल तर भाडेपट्टा. सातबारा तर मोबाईलवर दिसतो. बऱ्याच वेळा खरेदीत गाड्या, परमिट, बुकिंग आणि नाव नवीन मालकाकडे जातं, पण जमीन जुन्या मालकाच्याच घरात राहते. असं असेल तर नवीन कंपनी स्वतःच्या डेपोत भाडेकरू आहे आणि तो भाडेकरार संपतो ती तारीख म्हणजे डेपोचं आयुष्य.

हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. अमेरिकेत ग्रेहाउंड नावाची बस कंपनी आहे, १९१४ साली मिनेसोटातल्या एका खाणगावात सुरू झालेली. ती २००७ मध्ये ब्रिटनच्या फर्स्टग्रुपकडे आली. ऑक्टोबर २०२१ मध्ये फर्स्टग्रुपने अमेरिकेतला बसधंदा जर्मनीच्या फ्लिक्समोबिलिटीला विकला, ४ कोटी ६० लाख डॉलर रोख आणि ३ कोटी २० लाख नंतर. पण स्थानकांच्या जागा त्या सौद्यात नव्हत्या, त्या फर्स्टग्रुपने स्वतःकडे ठेवल्या. डिसेंबर २०२२ मध्ये त्यातल्या बहुतेक जागा एका गुंतवणूक कंपनीला १४ कोटी डॉलरना गेल्या. म्हणजे शंभर वर्षं जुन्या बसधंद्याला मिळाले त्याच्या जवळपास दुप्पट पैसे नुसत्या जागांना मिळाले. त्यानंतर एकेका शहरात मध्यवस्तीतली स्थानकं सुटायला लागली. माझा भाचा फिलाडेल्फियाजवळ असतो. तिथलं शहराच्या मधलं स्थानक जून २०२३ मध्ये सोडलं तेव्हा प्रवासी मार्केट स्ट्रीटच्या फुटपाथवर बॅगा घेऊन उभे होते. वर छप्पर नाही, बसायला बाक नाही, संडास नाही. मला लगेच आपल्या बायपासवर मध्यरात्री उतरवलेली बाई आठवली, कडेवर पोर आणि पायाशी दोन पिशव्या.

इंग्लंडात याच्या उलट घडलं. तिथे लंडनबाहेरची बससेवा ऑक्टोबर १९८६ मध्ये खासगी कंपन्यांना खुली केली आणि सरकारी नॅशनल बस कंपनीचे तुकडे करून विकले. मँचेस्टरने ती सेवा सप्टेंबर २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात टप्प्याटप्प्याने पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. गाड्या चालवायचं काम आजही ठेकेदार करतात, पण डेपो सार्वजनिक संस्थेने आपल्या ताब्यात घेतले. कारण ज्याच्याकडे डेपो नाही त्याला त्या शहराचा ठेका घेणंच परवडत नाही. आपल्या एसटीकडे कितीही अडचणी असल्या तरी आगारांच्या जागा तिच्या हातात आहेत. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, अक्कलकोट, करमाळा, अकलूज, सांगोला, मंगळवेढा, कुर्डुवाडी, या प्रत्येक ठिकाणी रात्री गाडी उभी करायला आणि सकाळी पाना लावायला एसटीची स्वतःची जागा आहे. म्हणूनच मुक्कामी गाडी शक्य होते.

तुमच्या कंपनीला मात्र फेरी कमी करायला कोणाची परवानगी लागत नाही. एसटी टप्पा वाहतुकीच्या, म्हणजे ठरलेल्या थांब्यांवर प्रवासी चढवायच्या-उतरवायच्या परमिटवर चालते. खासगी ट्रॅव्हल्स कंत्राटी किंवा पर्यटक परमिटवर चालतात. कागदावर ती नियमित सेवाच नाही, मग बंद केली म्हणून जाब कुठे विचारणार? त्यामुळे ‘लोकांची गैरसोय होईल’ हा मुद्दा घेऊन कलेक्टर ऑफिसला निवेदन द्या, जरूर द्या, पण त्यावर तुमची नोकरी टांगू नका.

एक गोष्ट मात्र कंपनीला पटवून देण्यासारखी आहे. ती डेपोतल्या लोकांनीच मांडायला हवी, कारण वरच्यांना ती कळत नाही. पुणे ते हैदराबाद साधारण ५६० किलोमीटर. सोलापूर जवळपास मधोमध, पुण्याहून अडीचशे. कायद्याने ड्रायव्हरला दिवसाला आठ तास धरले आहेत, म्हणून इथे ड्युटी बदलते. नळदुर्गच्या पुढे गाडी बंद पडली तर आज सोलापूरहून मेकॅनिक आणि रिलीफ गाडी तासाभरात निघून पोचते. डेपो गेल्यावर तीच मदत पुण्याहून किंवा हैदराबादहून निघणार. चाळीस माणसं रस्त्याच्या कडेला पहाटेपर्यंत बसणार, आणि तिकिटांचे पैसे परत द्यावे लागतील ते वेगळेच. गेल्या वर्षभराची ब्रेकडाउनची नोंदवही असेल तर त्यातून नळदुर्ग, उमरगा, मोहोळ, टेंभुर्णी या पट्ट्यातल्या घटना मोजून काढा. पूर्ण डेपो वाचेल असं मी म्हणत नाही, पण आमच्याकडे याच आकड्यांवर सहा माणसांचं छोटं ब्रेकडाउन युनिट राहिलं होतं. सहा घरं वाचली.

आता कागद. कंपनी ‘घेतली’ म्हणजे नक्की काय झालं ते बघा. शेअर विकत घेतले असतील तर कंपनी तीच राहते, मालक बदलतो, आणि तुमच्या मिस्टरांची नोकरी काहीच न होता सलग चालू असते. धंदाच वेगळ्या कंपनीच्या नावावर गेला असेल तर गोष्ट वेगळी. ओळखायचं कसं? पगाराच्या स्लिपवरचं नाव आणि पीएफच्या पासबुकातला आस्थापनेचा कोड. हे दोन्ही तेच असेल तर कंपनी तीच. कोड बदलला असेल तर जुन्या ठिकाणची सोडल्याची तारीख आणि नवीनची रुजू तारीख बघा, मध्ये एक दिवसाचीही फट नको. कायद्याचा अर्थ असा, की नोकरी अखंड धरली, अटी आधीपेक्षा वाईट नसल्या आणि जुन्या वर्षांची जबाबदारी नव्या मालकाने घेतली, तरच हस्तांतराच्या वेळी नुकसानभरपाई टळते. नाहीतर कामगार कपात, म्हणजे कंपनीने स्वतः कामावरून कमी केल्यासारखी भरपाई द्यावी लागते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

आता हिशोब. समजा बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून महिन्याला १८,००० आहे. ग्रॅच्युइटी म्हणजे १८,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे वर्षाला १०,३८५ च्या आसपास. अकरा वर्षं आणि सहा महिन्यांहून जास्त झालेत म्हणजे बारा वर्षं धरायची: १,२४,६१५ रुपये. हे राजीनामा दिला तरी मिळतात, पाच वर्षं पुरी झाली आहेत ना. एचआरवाला हाच आकडा दाखवून म्हणेल, बघा, लाख-सव्वालाख देतोय. पण कंपनीने स्वतः कपात केली तर यावर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, बारा वर्षांचे १,०८,०००, शिवाय एक महिन्याची नोटीस किंवा त्याचे १८,०००. म्हणजे त्या एका सहीने १,२६,००० रुपये सोडून द्यायचे. नव्या संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या पगाराइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायचीही तरतूद आहे, ती कामगाराच्या खात्यात येते. तीही राजीनाम्यात जाते. डेपोत पन्नास किंवा जास्त कामगार असतील तर बंद करण्याआधी साठ दिवसांची नोटीस सरकारला द्यावी लागते. ती टाळण्यासाठीच आधी राजीनामे गोळा करतात. माणसं पन्नासच्या खाली आली की नोटिशीचा प्रश्नच मिटतो. आमच्याकडे अठ्ठेचाळीसवर आणून थांबवलं होतं.

स्लिपवर बेसिक फार कमी आणि भत्ते भरमसाट असतील तर तेही लक्षात ठेवा. नव्या संहितांप्रमाणे भत्ते एकूण पगाराच्या अर्ध्याहून जास्त झाले तर वरचा भाग वेतनातच धरायचा आहे. ग्रॅच्युइटीचा आकडा त्याने वाढू शकतो.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. आपल्या सोलापूरला गिरणगाव म्हणायचे तेव्हाची गोष्ट. गिरणी बंद पडली तेव्हा त्यांच्याकडे हजेरीचं तिकीट आणि एक पगाराचं पाकीट, एवढाच पुरावा होता. बावीस वर्षांची नोकरी सिद्ध करायला त्यांना सहा वर्षं खेटे घालावे लागले. मी तेव्हा शाळेत होतो, त्यांची कापडी पिशवी घेऊन त्यांच्यासोबत कचेरीच्या पायऱ्यांवर बसायचो. म्हणून सांगतो, मिस्टरांचं नेमणूकपत्र, सगळ्या स्लिपा, पीएफ पासबुक, हजेरीचे फोटो, वार्षिक वाढीची पत्रं, हे सगळं याच आठवड्यात घरी आणा. कंपनीच्या ॲपवर असेल तर डाउनलोड करून ठेवा. मालक बदलला की जुनं ॲप कधी बंद पडेल सांगता येत नाही.

बदलीबद्दल. नेमणूकपत्रात ‘कोठेही बदली करता येईल’ असं लिहिलं असेल तर सरळ नकार देऊ नका, नाहीतर गैरहजर दाखवून काढतील. लेखी उत्तर द्या: बदलीच्या जागी राहण्याची सोय काय, पगार तोच की वाढीव, जुनी सेवा सलग धरणार का, तिथे नेमकं कोणतं काम, आणि ही बदली कायमची आहे का. उत्तर येईपर्यंत रोज वेळेवर सोलापूरच्या डेपोत हजर राहायचं आणि हजेरी लावायची. पत्र हातात देऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह पाठवायचं.

सगळ्यांनी मिळून जा, एकेकट्याने नको. युनियन नसेल तरी दहा-पंधरा जणांच्या सह्यांचं एकच पत्र कंपनीला द्या आणि त्याची प्रत कामगार आयुक्तांच्या सोलापूरच्या कार्यालयात. क्लीनर आणि वॉशिंगची पोरं ठेकेदाराकडची असतील, त्यांनाही सोबत घ्या. बंद होताना पहिला फटका त्यांनाच बसतो आणि त्यांच्या पीएफचं कोणी बघत नाही.

सोमवारच्या आधी त्या फॉर्मचा दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. मिस्टरांना सांगा, एचआरवाला जबरदस्ती करायला लागला तर फॉर्म न फाडता, आवाज न चढवता एवढंच म्हणायचं, ‘घरी दाखवून लेखी उत्तर देतो.’ ते पत्र लिहायला अडलं तर नेमणूकपत्रातलं बदलीचं वाक्य इथे टाका, नाव-गाव झाकून. मजकूर मी लिहून देतो.