'डिक्टेटर' म्हणजे हुकूमशहा का?

प्रश्न असा आहे : रोमन प्रजासत्ताकाच्या काळातल्या राजकारणावरची कादंबरी वाचताना 'डिक्टेटर' शब्द आला की डोक्यात 'हुकूमशहा' उमटतं. अनुवादातही बहुतेकदा तेच छापलेलं असतं. पण मग सीझर हुकूमशहा होऊन बसलेला असताना लोक 'याला राजा व्हायचंय' म्हणून का खवळतात, ते कळत नाही. हुकूमशहा चालतो, राजा चालत नाही, हे कसं? आणि जाता जाता, 'कॉन्सल'ला मराठीत काय म्हणावं?

हा घोळ आपल्या मराठी शब्दाने घातलेला आहे. 'हुकूमशहा'मध्ये अरबी 'हुकूम' आहे आणि फारसी 'शहा' आहे. शहा म्हणजे राजा. रोमन परंपरेप्रमाणे इ.स.पू. ५०९ मध्ये त्यांनी शेवटचा राजा हाकलला, आणि तेव्हापासून 'रेक्स' म्हणजे राजा हा शब्द त्यांच्या राजकारणात शिवीसारखा झाला. (रेक्स आणि आपला 'राजन्' हे एकाच मूळ धातूचे.) ज्या पदाच्या नावात राजा येऊच द्यायचा नाही असा रोमन लोकांचा कटाक्ष, त्या पदाला आपण नावातच शहा बहाल करतो. कोणी म्हणेल, लोकशाही-नोकरशाहीतही 'शाही' आहे, तिथे कुठे राजा दिसतो? खरं आहे, 'शाही' घासून घासून नुसता 'कारभाराची पद्धत' एवढ्यावर आला आहे. 'शहा' मात्र अजून माणूसच आहे. शिवाय आज हुकूमशहा म्हटलं की सत्ता बळकावलेला, मुदत नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. मूळ पदाशी यातलं काहीच जुळत नाही.

मूळ पद काय होतं ते जवळून बघू. संकट आलं की सिनेट, म्हणजे ज्येष्ठांची सल्लागार सभा, कॉन्सलला (रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाला) सांगे, डिक्टेटर नेम. मग कॉन्सल रात्रीच्या नीरव शांततेत उठून त्या माणसाचं नाव उच्चारी. मतदान नाही, प्रचार नाही. व्हॅरो या रोमन पंडिताने शब्दाची फोड अशीच दिली आहे : कॉन्सलने 'बोलून' नेमलेला, आणि ज्याच्या बोलण्याबरहुकूम सगळ्यांनी वागायचं, तो. लॅटिन 'दिकेरे' म्हणजे बोलणं, सांगणं. संस्कृत 'दिश्' त्याचा सख्खा नातेवाईक, म्हणजे आपले आदेश, निर्देश, उपदेश हे डिक्टेटरचे भाऊबंद ठरतात.

मुदत जास्तीत जास्त सहा महिने. दोन्ही कॉन्सल पदावर राहत, पण त्याच्या हाताखाली. आणि नेमणूक एका ठरलेल्या कामासाठी असे : युद्ध चालवण्यासाठी, निवडणुका घेण्यासाठी, आणि खिळा ठोकण्यासाठीसुद्धा. इ.स.पू. ३६३ मध्ये रोगाची साथ हटेना, म्हणून ल्युसियस मॅनलियस याला ज्युपिटरच्या देवळात विधिपूर्वक खिळा ठोकण्यापुरतं डिक्टेटर केलं. खिळा ठोकून झाल्यावर त्याने लगेच युद्धासाठी सैन्यभरती काढली, तेव्हा ट्रिब्यूनांनी, म्हणजे सामान्य लोकांच्या प्रतिनिधींनी, त्याच्यावर इतका दबाव आणला की त्याला पद सोडावं लागलं. 'खिळा ठोकायला हुकूमशहा नेमला' हे वाक्य मराठीत उभंच राहत नाही. शब्द चुकल्याची याहून चांगली खूण नाही.

मग म्हणावं काय? मराठीत याला नेमका शब्द पूर्वीच वापरून झालेला आहे : सर्वाधिकारी. १९३०च्या कायदेभंगात काँग्रेसच्या समित्या एकेका माणसाकडे सगळे अधिकार देत. तो पकडला गेला की दुसऱ्याचं नाव जाहीर होई. इंग्रजीत त्यांना सरळ 'डिक्टेटर' म्हणत आणि मराठीत 'सर्वाधिकारी'. संकटापुरता, नेमलेला, सहकाऱ्यांनी मान्य केलेला, राजेपणाचा वास नसलेला. कादंबरीत पहिल्यांदा 'डिक्टेटर, म्हणजे सहा महिन्यांचा सर्वाधिकारी' असं एकदा लिहावं आणि पुढे नुसतं डिक्टेटर ठेवावं, हे मला सगळ्यांत बरं वाटतं. इंग्रजीतून वाचत असाल तर मनातल्या मनात हेच करा.

पण एकच शब्द सगळीकडे चालणार नाही, म्हणून कादंबरीचं साल आधी बघायचं. इ.स.पू. २०२ पर्यंतच्या कथेत डिक्टेटर आला तर तो वर सांगितलेला, जुन्या चालीचा. सिनसिनॅटसची गोष्ट याच काळातली : शेतावरून बोलावून आणलेला, शत्रूचा पराभव करून सोळाव्या दिवशी पद सोडणारा. त्यानंतर हे पद जवळजवळ १२० वर्षं रिकामं राहिलं. इ.स.पू. ८२ मध्ये सुल्ला या सेनापतीने ते पुन्हा उकरून काढलं, ते कायदे लिहिण्यासाठी आणि राज्यव्यवस्था लावून देण्यासाठी, तेही मुदतीशिवाय. नाव जुनं, माल नवा. सुल्लाच्या काळातली पात्रं हा शब्द ऐकून दचकत असतील तर लेखकाने अभ्यास केला आहे असं समजा, कारण त्यातल्या कोणीच जिवंत डिक्टेटर पाहिलेला नव्हता.

सीझरच्या बाबतीत पायऱ्या मोजाव्या लागतात. इ.स.पू. ४९ मध्ये निवडणुका घेण्यापुरता, फक्त अकरा दिवस. मग ४८ मध्ये पुन्हा, ४६ मध्ये दहा वर्षांसाठी, आणि ४४च्या फेब्रुवारीत कायमचा. त्या वर्षीच्या नाण्यावर त्याच्या चेहऱ्याभोवती 'काएसर डिक्ट पेर्पेतुओ' अशी अक्षरं आहेत. जिवंत माणसाचा चेहरा रोमच्या टांकसाळीतून नाण्यावर येणं हेच नवीन होतं, आणि सहा महिन्यांच्या पदापुढे 'कायमचा' लागणं हे त्याहून भयंकर. इथे, फक्त इथे, अनुवादकाने 'हुकूमशहा' लिहिलं तर मी हरकत घेणार नाही. त्याच १५ फेब्रुवारीला ल्युपरकेलियाच्या सणात त्याचा सहकारी अँटनी याने त्याच्यापुढे मुकुट धरला आणि सीझरने तो नाकारला. सर्वाधिकारी पद, कायमचं असलं तरी, कायद्याच्या चौकटीतलं होतं. मुकुट त्या चौकटीबाहेरचा. आधीपासून 'शहा' वाचत आलेल्या वाचकाला त्या मुकुटाचा दचका बसणारच नाही. महिन्याभराने, १५ मार्चला, त्याचा खून झाला आणि अँटनीनेच कायदा करून डिक्टेटरपद मोडीत काढलं. पुढे इ.स.पू. २२ मध्ये लोकांनी सीझरचा वारस ऑगस्टस याला ते देऊ केलं, त्याने घेतलं नाही. अधिकार सगळे ठेवले, शब्द तेवढा टाळला.

डिक्टेटरबरोबर 'घोडदळाचा मास्टर' येतो. त्याला सरनौबत म्हणण्याचा मोह होईल, पण त्या शब्दाबरोबर रायगड येतो. शिवाय हा माणूस घोड्यांपेक्षा डिक्टेटरचा दुय्यम म्हणून महत्त्वाचा : सीझर इजिप्तमध्ये असताना याच नात्याने अँटनी इटलीचा कारभार बघत होता. 'घोडदळप्रमुख' लिहावं आणि तो क्रमांक दोनचा आहे हे एकदा सांगून टाकावं.

कॉन्सलला 'वाणिज्यदूत' लिहिलेलं सापडलं तर तो कोश उघडून केलेला अपघात समजा. तो आजच्या परदेशी कचेरीतला अधिकारी. रोमचे कॉन्सल एका वेळी दोन, मुदत एक वर्ष, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचा निर्णय अडवता येई. म्हणून अध्यक्ष किंवा पंतप्रधान हेही चालत नाहीत. वर्षाला नावही त्यांचंच. इ.स.पू. ५९ मध्ये सीझरने आपला जोडीदार बिब्युलस याला इतकं निष्प्रभ केलं, की लोक ते वर्ष 'ज्यूलियस आणि सीझर यांचं' म्हणू लागले. दोघे समान असतात हे ठाऊक असेल तरच हा टोमणा लागतो. 'कॉन्सल' तसाच ठेवावा. मराठीत तो सुखाने चालतो : कॉन्सलने, कॉन्सलला, अनेकवचनी कॉन्सलांनी.

सिनेटला संसद म्हणू नये, कारण ती कायदे करत नसे. कायदा नागरिकांच्या सभांमधल्या मतदानाने होई, सिनेट सल्ला देई, जरी तो सल्ला डावलणं सोपं नसलं तरी. तिच्या नावातला 'सेनेक्स' म्हणजे म्हातारा, आपल्या 'सनातन'मधल्या 'सना'चा नातलग.

'इम्पेरातोर'चं 'सम्राट' करताना तर फारच जपावं. सम्राटमध्ये पुन्हा 'राज्' आहेच. प्रजासत्ताकात ही विजयी सेनापतीला त्याच्या सैनिकांनी रणांगणावर आरोळी ठोकून दिलेली पदवी होती, आणि ती इ.स.पू. ५१ मध्ये किलिकियात (आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरचा प्रांत) वक्ता म्हणून गाजलेल्या सिसेरोलाही मिळाली. त्या काळातल्या त्याच्या काही पत्रांच्या मथळ्यावर स्वतःच्या नावापुढे त्याने 'इम्पेरातोर' लिहिलं आहे. तिथे 'विजयी सेनापती सिसेरो' असंच वाचायचं.