गेम सिमँटिक्स शिकायचंय ना, मग दोन्ही बाजूंनी खेळ

अगं,
गेम सिमँटिक्स, म्हणजे सिद्धतेचा किंवा प्रोग्रॅमचा अर्थ दोन बाजूंच्या सवाल-जवाबाच्या खेळातून सांगायची पद्धत, शिकायचीय हा तुझा मेसेज वाचून खरंच आनंद झाला. पण एक सांगू का, विरार फास्टमध्ये उभ्याने मोबाईलवर पीडीएफ वाचून हा विषय डोक्यात शिरणार नाही, याला कागद-पेन लागतं आणि रविवारची निवांत सकाळ. आणि आधी कॅटेगरी थिअरी (रचना आणि त्यांच्यातल्या संबंधांचं अमूर्त गणित) संपवते मग हे बघते असंही करू नकोस, वर्ष जाईल त्यात.

सुरुवात लोरेन्झेन या जर्मन तर्कशास्त्रज्ञापासून कर. १९५० च्या दशकाच्या शेवटी त्याने मांडलं की विधान सिद्ध होतं म्हणजे ते मांडणारा वादात दरवेळी जिंकू शकतो, समोरचा कसाही खेळो. आता 'अ किंवा अ-नाही' हा वाद स्वतः खेळून बघ. अट एवढीच की नुसतं 'अ' तू आपणहून म्हणू शकत नाहीस, समोरच्याने आधी म्हटलेलं हवं. तो विचारतो, दोन्हीपैकी कुठलं? तू म्हणतेस, अ-नाही. ते खोडायला त्याला स्वतःलाच 'अ' म्हणावं लागतं, आणि ते त्याच्या तोंडून आलं रे आलं की तू मागे जाऊन पहिल्याच प्रश्नाला नवं उत्तर देतेस, अ! मागे जायची मुभा असेल तर तू जिंकलीस, हे क्लासिकल लॉजिक, म्हणजे प्रत्येक विधान खरं किंवा खोटं असतंच असं मानणारं नेहमीचं तर्कशास्त्र. फक्त शेवटच्या अनुत्तरित प्रश्नालाच उत्तर द्यायचं असा नियम लावला की अडकलीस, हे इंट्यूशनिस्टिक, म्हणजे प्रत्यक्ष सिद्धता हातात असल्याशिवाय काही खरं न मानणारं. मला तर या विषयातलं सगळ्यात सुंदर हेच वाटतं, इथे अजिबात घाई करू नकोस.

मग प्रोग्रॅमकडे ये. इथे समोरचा म्हणजे तुझं फंक्शन वापरणारा बाकीचा कोड. तो विचारतो आउटपुट काय, फंक्शन उलट विचारतं इनपुट काय, तो म्हणतो ५, फंक्शन म्हणतं ६, झालं एक वाढवणारं फंक्शन. आता कॉल बाय नेम (इनपुट आधी काढून न ठेवता, लागेल तेव्हा दरवेळी नव्याने काढायचं) धरून 'क्ष + क्ष' आणि '२ × क्ष' खेळ. पहिलं इनपुट दोनदा विचारतं, दुसरं एकदाच. पीसीएफ या अभ्यासासाठीच्या छोट्या फंक्शनल भाषेत व्हेरिएबलची किंमत बदलताच येत नाही, म्हणून हा फरक बाहेरून कुणाला पकडता येत नाही, पण ती बदलता येणारी भाषा असेल तर दुसऱ्या वेळी वेगळं उत्तर येऊ शकतं आणि फरक उघडा पडतो.

इतिहास थोडक्यात. प्लॉटकिनने १९७७ साली दाखवलं की पीसीएफच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमना गणिती अर्थ देणाऱ्या रचनेत, 'पॅरलल ऑर' (दोन्ही बाजू एकदमच तपासून, एक खरी निघाली की दुसरी कधीच संपली नाही तरी 'खरं' सांगणारं फंक्शन) बसतं जे त्या भाषेत लिहिताच येत नाही, म्हणजे मॉडेल भाषेपेक्षा मोठं निघालं. ते गेम्सनी तंतोतंत जुळवलं १९९० च्या दशकात, एकीकडे आब्राम्स्की, जगदीशन, मालाकारिया, दुसरीकडे हायलंड आणि ओंग, शिवाय निकाऊनेही स्वतंत्रपणे.

तू हायलंड-ओंगचा पेपर आधी घे, सव्वाशे पानं आहेत पण चाली हाताने काढता येतात. त्यातही शेवटच्या प्रश्नालाच उत्तर द्यायचा नियम भेटेल, आणि लेअर्डने १९९७ साली दाखवलं की तो काढला की प्रोग्रॅमला मधूनच उडी मारून बाहेर पडता येतं. 'इनोसन्स' नावाची दुसरी अट (पुढची चाल खेळाच्या सगळ्या इतिहासावर नाही, त्यातल्या ठरावीक भागावरच अवलंबून हवी) काढली की बदलणारे व्हेरिएबल येतात.

तर या रविवारी एवढंच कर, 'क्ष + क्ष' मध्ये इनपुट दुसऱ्यांदा विचारलं जातं तेव्हा त्या चालीचा बाण (ज्या आधीच्या चालीमुळे ती करता आली तिच्याकडे काढतात तो) कुठल्या प्रश्नाकडे जातो ते काढ आणि मला फोटो पाठव.