सचिनची सही असलेली बॅट ऑनलाइन मिळतेय, सोबत प्रमाणपत्रही आहे. सही खरी की खोटी, कसं ओळखायचं?

विचारणारे भाऊ म्हणतात, १८ हजारांची बॅट आहे, २०११ च्या विश्वचषकात नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर घेतलेली सही आहे आणि होलोग्राम चिकटवलेलं प्रमाणपत्र सोबत मिळतं.

ते प्रमाणपत्र आधी बाजूला ठेवा. ज्याला सही बनवता येते त्याला प्रमाणपत्र बनवायला कितीसा वेळ लागतो? अमेरिकेत एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ चालवून खेळाडूंच्या खोट्या सह्या विकणारी टोळी पकडली. त्यांच्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा होते. प्रमाणपत्रं तिथेही होतीच.

आणि १२ मार्च २०११ ला जामठ्यात सचिनने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १११ केले हे पोरासोरांना पाठ आहे, तेव्हा खोटं बोलणाराही तेच नाव घेणार. कोणी २००५ ची जामठ्याची सही दाखवली असती तर काम सोपं होतं. त्या मैदानावर पहिली कसोटीच २००८ च्या नोव्हेंबरात झाली. मुद्दा असा की सहीच्या वळणाकडे नंतर बघा. आधी तारीख, गाव आणि वस्तू एकमेकांशी जुळतात का ते तपासा.

हे मी हवेत बोलत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या एका तहसील कचेरीसमोर अर्जनवीस म्हणून माझा जन्म गेला. खरेदीखतं, वाटणीपत्रं, मुखत्यारपत्रं. मेलेल्या माणसाची सही घेऊन आलेले वारसही पाहिलेत. तरी आमच्या साडभाऊंच्या लेखी मला काही कळत नाही.

साडभाऊंचं कृषी केंद्र आहे. घरी बैठकीत काचेच्या चौकटीत एक कागद टांगलेला: वर ‘सेवाग्राम, १९३८’, मधे दोन ओळींचा उपदेश, खाली ‘बापुके आशीर्वाद’. आजोबांना प्रत्यक्ष गांधीजींनी दिला म्हणे. २ ऑक्टोबरला हार पडतो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत त्याचा फोटो पत्रकावर छापला जातो.

मी एवढंच म्हटलं की १९३८ साली सेवाग्राम होतं कुठे? गांधीजी १९३६ ला राहायला आले तेव्हा गावाचं नाव सेगाव. टपाल चुकून गजानन महाराजांच्या शेगावला जायचं, म्हणून १९४० मध्ये नाव बदललं. साडभाऊ म्हणाले, “वरचं नाव आजोबानं मागून लिवलं असंन. तुमी अर्जनवीस माणसं, तुमाले सगळेच दस्त खोटे दिसते.”

बरं, मागून लिहिलं. मग मी अक्षर दाखवलं. शिरोरेघ मधेच थबकलेली, ‘आ’चा काना दोनदा टेकून ओढलेला, रेघेची सुरुवात आणि शेवट दोन्ही बोथट. हाताला सवय असलेला माणूस सही करतो तेव्हा रेघ निमुळती सुटते. गिरवणारा बघत बघत चालतो. त्यावर उत्तर तयार: “बापू डाव्या हातानंई लिवत.” हे मात्र खरं आहे. १९०९ साली बोटीवर ‘हिंद स्वराज’ लिहिताना उजवा हात दुखला तेव्हा त्यांनी कितीतरी पानं डाव्या हाताने लिहिली. त्यामुळे अक्षरावरून भांडण मिटेना. गांधीजी सहीचे ५ रुपये हरिजन फंडासाठी घ्यायचे, आणि ते आजोबा कसे होते हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. पण तो काही पुरावा नव्हे, म्हणून मी गप्प राहिलो.

दिवाळीच्या रंगरंगोटीत चौकट उतरवली आणि काच तडकली. कागद बाहेर आला. तो मी त्यांच्याच दुकानातल्या नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली धरला. शेजारी ठेवलं त्यांच्याच घराचं १९३४ चं खरेदीखत. खरेदीखत तपकिरी, मलूल पडून राहिलं. बापूंचा कागद निळापांढरा उजळला. कापड पांढरं दिसावं म्हणून आपण धुण्यात जे टिनोपाल टाकायचो, तशीच द्रव्यं कागदात साधारण १९५० नंतर घालायला लागले. गांधीजी गेले ३० जानेवारी १९४८ ला.

साडभाऊ म्हणाले, “मशीन बिघडली हाये.” त्याच मशीनवर त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कापसाच्या चुकाऱ्याच्या नोटा तपासून घेतल्या! कागद पुन्हा भिंतीवर आहे. नवी काच लावून. आणि मी जळकुटा.

तुमच्या बॅटीचं: दहापट भिंग घ्या. रेघेत बारीक रंगीत ठिपके दिसले तर ती छापलेली आहे. हाताने केलेल्या मार्करच्या सहीत रेघ रेघेवरून जाते तिथे शाई गडद होते आणि लाकडाच्या रेषेत किंचित पसरते. कंपनीच्या स्टिकरवरची सही तर छापीलच असते, तिचे पैसे देऊ नका. त्याच विक्रेत्याकडच्या आणखी बॅटींचे फोटो मागवा. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्यावर तंतोतंत बसल्या तर निदान एक नक्कीच उतरवलेली आहे, कारण माणूस आपली सही दोनदा हुबेहूब करत नाही. तलाठ्यासमोर ओळीने दहा सह्या करणारा शेतकरी बघा, दहाही वेगळ्या.

एक सांगायचं राहिलं. दिव्याने फक्त ‘नाही’ कळतं, ‘होय’ कळत नाही. जुन्या वहीचं कोरं पान फाडून त्यावर आज सही केली तर कागद मलूलच राहणार. आणि खऱ्या जुन्या कागदालाही धुतलेल्या कपड्याचा किंवा नव्या पुठ्ठ्याचा संसर्ग होऊन थोडी चमक येते, म्हणून शेजारी त्याच काळातला दुसरा कागद ठेवल्याशिवाय निकाल देऊ नका. बॅटीला हा दिवा फारसा उपयोगाचा नाही.

१८ हजार मोठी रक्कम आहे. मी असतो तर घेतली नसती. घ्यायचीच तर विक्रेत्याला सही करतानाचा फोटो मागा आणि पैसे परत करण्याची अट लेखी घ्या, त्याच्या सहीनिशी. साडभाऊंचा मुलगा इथली उत्तरं वाचतो, त्यालाही सांगतो: कागद नागपूरला एखाद्या हस्ताक्षर तज्ज्ञाकडे न्यायचा असेल तर फी मी भरतो. निकाल काहीही लागो, तो बैठकीत त्याच चौकटीशेजारी लावायचा, एवढीच अट.