स्पॅनिश क्रियापदाची इतकी रूपं लक्षात कशी ठेवायची? मराठी माध्यमामुळे जड जातंय का?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. बाकीच्यांसाठी प्रश्न थोडक्यात सांगते. तुमची स्पॅनिशची ए-2 पातळी झाली, पुढची बी-1 सुरू आहे. 'आब्लार' (बोलणं) यासारखं सरळ, नियमित क्रियापदसुद्धा सगळ्या काळांत चालवताना गोंधळ होतो. भिंतीवर तक्ता लावलाय, रोज घोकताय, आणि सुब्खुन्तीवो, म्हणजे क्रियापदाचं इच्छा-शक्यता सांगणारं रूप, आला की सगळं पुसलं जातं. शेवटी तुम्ही विचारलंय, "मी मराठी माध्यमातली आहे, म्हणून मला जड जातंय का?"

नाही. अजिबात नाही. तसं तुम्हाला कुणी सांगितलं असेल तर त्यांना स्पॅनिश येत असेल, पण त्यांनी मराठीकडे कधी नीट पाहिलेलं नाही.

मला हे ऐकवलं गेलं 2011 साली. कोरेगाव तालुक्यातून पुण्याला येऊन मला दोन वर्षं झाली होती. सकाळी कॉलेज, संध्याकाळी स्पॅनिशचा क्लास. फी आईने भिशीच्या पैशांतून भरली होती. बावीस जणांच्या बॅचमध्ये मराठी माध्यमातली मी एकटी. क्लासचं नाव सांगत नाही आणि मॅडमचंही नाही. त्या मन लावून शिकवायच्या, उच्चार फार सुंदर होते त्यांचे. पण वर्गाचा नियम एकच: मराठी बोलायचं नाही. स्पॅनिश कळलं नाही तर इंग्रजी.

त्या दिवशी फळ्यावर वाक्य होतं, 'किएरो के आब्लेस'. तोपर्यंत आम्ही 'तू बोलतोस' म्हणजे 'आब्लास' असं घोकलं होतं. आता 'आब्लेस' कुठून आलं? एका मुलाने विचारलं. मॅडमनी इंग्रजी करून दिलं, 'आय वॉन्ट यू टू स्पीक', आणि म्हणाल्या, 'के'नंतर असं होतं, पाठ करा. पण 'के'नंतर दर वेळी असं होत नाही. 'से के आब्लास', म्हणजे 'तू बोलतोस हे मला माहीत आहे', यातही 'के' आहेच आणि क्रियापद जागचं हललेलं नाही. वर्ग गप्प बसला, सगळ्यांनी खाली मान घालून उतरवून घेतलं.

मी वहीत समासात लिहिलं: 'तू बोलावंस अशी माझी इच्छा आहे.' लिहिता लिहिताच मला ते दिसलं. बोलतोस आणि बोलावंस. आब्लास आणि आब्लेस. शाळेत नववीला सरांनी क्रियापदाचे चार अर्थ शिकवले होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. जे आहे ते सांगायचं तर स्वार्थ. जे व्हावं असं वाटतं, जे करणं योग्य, त्याला विध्यर्थ. फळ्यावर विध्यर्थ उभा होता आणि मला तो नववीपासून येत होता.

मी हात वर केला. मोडक्या इंग्रजीत सांगितलं की मॅडम, हे मराठीत आहे, आम्ही हे रोज बोलतो. मॅडम बाकाजवळ आल्या, माझी वही उचलली आणि त्या ओळीवर लाल पेनने आडवी रेघ मारली. म्हणाल्या, मराठीतून विचार करणं सोडत नाहीस तोवर तुला स्पॅनिश येणार नाही. मागच्या बाकांवरून हसण्याचा आवाज आला. ती वही आजही माझ्याकडे आहे. रेघ इतकी दाबून मारली आहे की मागच्या पानावर तिचा वळ उमटलाय.

आज मी खराडीच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहे आणि रोज संध्याकाळी मेक्सिकोच्या पुरवठादारांशी स्पॅनिशमध्ये बोलते. त्यामुळे हे मी ठामपणे सांगते: मराठी माणसाने स्पॅनिश क्रियापद इंग्रजीतून शिकणं म्हणजे शेजारच्या विहिरीसाठी दुसऱ्या गावाला कळशी घेऊन जाणं आहे. इंग्रजी क्रियापदाचे प्रत्यय केव्हाच झिजून गेलेत. आपले शाबूत आहेत. 'बोलतोस' म्हटलं की 'तू' वेगळं सांगावं लागत नाही, 'आब्लास' म्हटलं की 'तू' लागत नाही. इंग्रजीतून आलेली मुलं वर्षभर प्रत्येक वाक्याआधी 'यो, यो', म्हणजे 'मी, मी', करत बसतात.

आता तुमचा तक्ता. 'आब्लार'ऐवजी 'कान्तार' घ्या, गाणं म्हणणं, तेही तितकंच नियमित. माझी आजी पहाटे जात्यावर ओव्या म्हणायची: 'मि आब्वेला कान्ताबा'. त्या दिवशी तिने एकच ओवी म्हटली: 'कान्तो', जोर शेवटच्या 'तो'वर. म्हणायची आणि म्हटली. आपल्याकडे पहिल्याला रीतिभूतकाळ असं नावसुद्धा आहे. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'सँग' चालतं, म्हणून आमच्या बॅचला या दोन भूतकाळांवर तीन महिने लागले. मला एक संध्याकाळ लागली, कारण आजीचं 'म्हणायची' मी 'म्हटली'शी कधीच गल्लत करणार नव्हते.

भविष्यकाळ तर जोडकामच आहे. मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं आणि मागे 'आबेर' या सहायक क्रियापदाची रूपं चिकटवायची: ए, आस, आ, एमोस, आन. कान्तार अधिक ए, कान्तारे. कान्तार अधिक आस, कान्तारास. 'गाणार आहे, गाणार आहेस' ही आपली बांधणी याच जातीची. आंतोनियो दे नेब्रिहाने 1492 साली कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, त्यातही भविष्यकाळाची ही जोड त्याने ओळखून नोंदवली आहे. त्याच मुळाला 'ईआ' लावलं की 'कान्तारीआ', 'गाईन, पण काहीतरी अट आहे' असं रूप. 'आर', 'एर' आणि 'ईर'ने संपणाऱ्या तीन्ही गटांना प्रत्यय तेच. हे कळल्यावर भविष्य आणि संकेत हे दोन रकाने पाठ करण्यासारखे उरतच नाहीत.

आणि सुब्खुन्तीवो, ज्याला सगळे घाबरतात. वर्तमानात फक्त स्वराची अदलाबदल आहे. 'आर'वाल्या क्रियापदात 'आ'चा 'ए': आब्ला, आब्ले. 'एर' आणि 'ईर'वाल्यांत 'ए'चा 'आ': कोमे, कोमा, वीवे, वीवा. मेक्सिकोत 'वीवा मेहिको' ओरडतात ते हेच रूप, 'चिरायु होवो'. आपल्याकडे 'व्हावं' आहे आणि 'होवो, लाभो, पडो' हेही आहे. स्पॅनिशमध्ये दोन्हींचं काम हा एकच सुब्खुन्तीवो करतो.

मेक्सिकोतल्या मॉन्तेर्रेईला ज्या बाईंशी मी अनेक वर्षं बिलांवरून बोलत आले, त्यांचे वडील 2021 मध्ये गेले. मेल वाचला आणि मी उत्तर लिहिलं, 'के एन पास देस्कान्से'. लिहून झाल्यावर लक्षात आलं की तक्ता डोळ्यासमोर आलाच नव्हता. 'आत्म्यास शांती लाभो' मनात आलं आणि 'देस्कान्सा'चं 'देस्कान्से' आपोआप झालं. माणूस दुःखात असताना रकाने आठवत नाहीत. आपल्या भाषेत जे आधीपासून मुरलेलं असतं तेच हाताशी येतं. मला वाटतं मॅडमना हे तेव्हा कुणीतरी सांगायला हवं होतं.

भूतकाळी सुब्खुन्तीवोसाठी 'ते बोलले' हे रूप घ्या, आब्लारोन, शेवटचं 'ओन' काढा, 'आ' लावा: आब्लारा. हे सगळ्या क्रियापदांना चालतं, अनियमितांनाही. 'आब्लासे' असंही एक रूप पुस्तकात दिसेल. वाचताना ओळखता आलं तरी पुरे.

मोजलंत तर साध्या रूपांचे सात रकाने आणि प्रत्येकी सहा ओळी, म्हणजे 42 खण. त्यातली 'वोसोत्रोस'ची, म्हणजे 'तुम्ही सगळे'ची, ओळ लॅटिन अमेरिकेत कुणी बोलत नाही, तिथे त्यासाठी 'उस्तेदेस'. स्पेनला जायचं नसेल तर ती आत्ता सोडून द्या, 35 राहिले. भविष्य आणि संकेत जोडकामातून मिळतात, सुब्खुन्तीवोचे दोन रकाने वर सांगितल्यासारखे तयार करता येतात. खरोखर पाठ करायचे रकाने तीनच: वर्तमान आणि दोन भूतकाळ. 'ए आब्लादो'सारखी जोडरूपं, म्हणजे आपलं 'बोललो आहे', या हिशोबात धरलेली नाहीत. त्यांना 'आबेर' आलं की झालं.

आता मराठी जिथे दगा देते तेही सांगते, नाहीतर तुम्ही पेपरात मार्क घालवाल आणि मला बोल लावाल.

'जर'ची वाक्यं जपून. आपण दोन्हीकडे 'असतं' म्हणतो: पाऊस पडला असता तर पीक आलं असतं. त्या सवयीने आपली मुलं 'सि' म्हणजे 'जर', त्याच्यानंतरही 'ईआ'चं रूप टाकतात. 'सि'नंतर 'आब्लारा', दुसऱ्या अर्ध्यात 'आब्लारीआ'. उत्तर स्पेनच्या काही भागांत बोलताना 'सि आब्लारीआ' ऐकू येतं, परीक्षेत मात्र ती चूकच. तसंच 'तू पोचलास की बोलू' यात आपण भूतकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये 'क्वान्दो येगेस', सुब्खुन्तीवो. इथे 'पोचावंस' मनात येणार नाही, ही जागा वेगळीच लक्षात ठेवायला हवी.

पण सगळ्यात मोठा खड्डा उच्चारातल्या जोराचा आहे. मराठीत शब्दाच्या कुठल्या अक्षरावर जोर दिला यावरून अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ती सवयच नाही. नोकरी लागली त्या वर्षीची डिसेंबरातली गोष्ट. इकडे संध्याकाळचे साडेसात, तिकडे सकाळचे आठ. मला त्याच बाईंना सांगायचं होतं की ऑर्डर मी आज पाठवते: 'मान्दो ला ओर्देन ओइ', जोर 'मान्'वर. मी जोर 'दो'वर दिला. तो झाला भूतकाळ, आणि 'उस्तेद' या आदरार्थी 'तुम्ही'लाही तेच रूप लागतं. म्हणजे त्यांना ऐकू आलं, 'तुम्ही आज ऑर्डर पाठवलीत.' त्या म्हणाल्या, 'नो, यो नो मान्दे नादा', मी काहीच पाठवलेलं नाही. मी पुन्हा तेच म्हटलं, आणखी ठासून, पुन्हा 'दो'वर. दोन मिनिटं आम्ही एकमेकींना तुम्हीच पाठवली असं सांगत होतो. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, 'मान्दो, उस्तेद?' जोर 'मान्'वर देऊन, आणि मी हो म्हटलं.

ही चूक कुठून आली ते मला नंतर कळलं. आम्ही तक्ते पाढ्यांच्या चालीत म्हणायचो, बे एके बे सारखे, आणि त्या चालीत प्रत्येक रूपाचं शेवटचं अक्षर लांबतं. 'आब्लो' कायम 'आब्लोऽऽ' होऊन पाठ झालं. 'मी बोलतो' आणि 'तो बोलला' यांत फक्त जोराचा फरक. 'आब्लारा'चंही तेच: जोर 'ब्ला'वर तर 'बोलला असता', शेवटच्या 'रा'वर तर 'बोलेल'. म्हणून तुमच्या भिंतीवरच्या तक्त्यात आज रात्री प्रत्येक रूपाच्या जोराच्या अक्षराखाली पेन्सिलने रेघ मारा आणि चालीत घोकणं बंद करा. एकेक रूप पूर्ण वाक्यात म्हणा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, आणि त्या वाक्याचं मराठी शेजारी लिहून ठेवा.

माझ्या कानाबद्दल मॅडमची तक्रार बरोबर होती. माझा जोर चुकायचा हे त्या नेहमी सांगायच्या, आणि मी ते तेव्हाच मनापासून ऐकलं असतं, त्या ओळीवर त्यांनी रेघ मारली नसती तर.