वाचक विचारतात: रॉस-मोनिका ज्यू आहेत?

प्रश्न: ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका परत बघतेय. रॉस आणि मोनिका ज्यू आहेत हे आत्ता कुठे लक्षात आलं, कारण घरात दरवर्षी ख्रिसमस ट्रीच दिसतो! असं नावापुरतं ज्यू असलेलं आणखी कुणी आहे का?

उत्तर: आहेत की, ढिगाने. रॉस-मोनिका या गेलर भावंडांच्या ज्यू असण्यावर नीट बेतलेला एपिसोड म्हणजे डिसेंबर 2000 चा, ज्यात रॉसला मुलाला हानुका हा ज्यूंचा सण समजावून सांगायचा असतो, पण मुलाला सांताच हवा असतो आणि सांताचा ड्रेस मिळत नाही, म्हणून बिचारा आर्माडिलो (कवचवाला प्राणी) बनून येतो. एरवी मग एखादा जोक, एखादा उल्लेख, संपलं.

पण मला विचाराल तर यातली भारी केस म्हणजे ‘फँटॅस्टिक फोर’ या सुपरहिरो कॉमिकमधला बेन ग्रिम, तो नारिंगी दगडी अंगाचा द थिंग. 1961 मध्ये त्याला जन्माला घातलं स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी, दोघेही ज्यू, आणि या दोघांची मूळ नावं स्टॅन्ली लीबर आणि जेकब कर्ट्झबर्ग, म्हणजे स्वतःचीच नावं बदललेली माणसं, ती हिरोचा धर्म कशाला छापतील! तरी खुणा होत्याच. बेनचं पूर्ण नाव बेंजामिन जेकब ग्रिम, कर्बीच्या वडिलांचं नाव बेंजामिन. बेनची यान्सी स्ट्रीट म्हणजे कर्बी जिथे वाढला त्या भागातली न्यूयॉर्कची डिलान्सी स्ट्रीट. सत्तरच्या दशकात तर कर्बीने ज्यूंची प्रार्थनेची टोपी, शाल आणि हातात प्रार्थनेचं पुस्तक घेतलेला थिंग काढला होता, पण तो हानुकाच्या खासगी कार्डावर, कॉमिकमध्ये नाही.

कॉमिकमध्ये उघड यायला 2002 उजाडलं. लहानपणी चोरलेलं स्टार ऑफ डेव्हिडचं (ज्यूंच्या सहा टोकी ताऱ्याचं) लॉकेट परत करायला बेन जुन्या गल्लीतल्या दुकानदाराकडे जातो, तिथे मारामारी होते, म्हातारा गेलाच असं वाटून बेन तुटक तुटक हिब्रूत ‘शेमा’ ही ज्यूंची प्रार्थना म्हणायला लागतो. म्हातारा वाचतो आणि विचारतो, लाज वाटते का रे ज्यू असण्याची? बेन म्हणतो छे, पण आधीच जगात कटकटी कमी आहेत का, त्यात लोकांना वाटायचं सगळे ज्यू माझ्यासारखे राक्षसच असतात. मला हे उत्तर फार आवडतं, कारण 41 वर्षं गप्प राहिले प्रकाशक आणि कारण द्यावं लागलं बेनला.

वाचायचं असेल तर हाच अंक आधी वाचा. मग 2006 चा, ज्यात थिंग होऊन 13 वर्षं झाली म्हणून या दगडोबाचा बार मिट्झवा (ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की होणारा विधी) करतात.